इंजिनाच्या डब्याला कुलूप कोणी लावले?

जुन्या ट्रकचा इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, म्हणजे तो डबा, बिघडला की मेकॅनिक दोन गोष्टी विचारतो: दुसरा डबा मिळेल का, आणि मिळाला तर तो प्रोग्रॅम कोण करून देणार? पहिला प्रश्न सुट्या भागांच्या धंद्याइतकाच जुना आहे. दुसरा फार तर तीस वर्षांचा असेल. तो कॉम्प्युटरबरोबरच आला असा सर्वसाधारण समज आहे. म्हणजे इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स शिरले आणि त्याच दिवशी मेस्त्रीच्या हातचा पाना निकामी झाला. हा डबा जिथे आधी रुजला त्या अमेरिकेतल्या ट्रकांचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही. तिथे कॉम्प्युटर आधी आला, कुलूप नंतर लागले, आणि मधल्या आठ-दहा वर्षांत कॉम्प्युटरवाला ट्रक कोणत्याही साध्या गॅरेजात दुरुस्त होत असे. कुलपाची गरज यंत्राला नव्हती. कायदा, चोरी आणि व्यापार या तिघांच्या सोयीने ते लागले.

मुळात हा डबा मागितला कोणी? ड्रायव्हरने नाही, मालकाने नाही आणि मेकॅनिकने तर नाहीच. १९७०च्या स्वच्छ हवा कायद्याने अमेरिकेतल्या कारखानदारांना गाड्यांच्या धुरातले विषारी घटक सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी करायला सांगितले. त्यासाठी १९७५पासून सायलेन्सरच्या आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. पुढे तीन वायूंचा एकदम बंदोबस्त करणारा कन्व्हर्टर आला, पण त्याची अट कडक होती: पेट्रोलच्या एका भागाला हवेचे जवळपास १४.७ भाग, वजनाने, आणि तेही सतत. थंडी असो, चढ असो, गिअर बदलत असो, प्रमाण हलता कामा नये. कार्बोरेटरच्या स्क्रूला हे जमणारे नव्हते. धुराच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर बसवून, त्याचे ऐकून क्षणाक्षणाला इंधन कमीजास्त करणारे काहीतरी हवे होते. १९८१मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत विकायच्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल कारमध्ये कॉम्प्युटर घातला. पिकअप आणि हलक्या ट्रकांत तो १९८७मध्ये, कार्बोरेटरच्या जागी आलेल्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनबरोबर, सर्रास आला. त्याच सुमारास डेट्रॉइट डिझेलने जड ट्रकांसाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे इंजिन बाजारात आणले होते, आणि १९८७च्या सिरीज ६० इंजिनात ते नियंत्रण पहिल्यापासूनच बसवलेले होते.

जनरल मोटर्सच्या १९८७च्या त्या शेवरले आणि जीएमसी ट्रकांमधला डबा जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण सगळा पुरावा त्यातच आहे. ४.३ लिटरच्या सहा सिलिंडरपासून ७.४ लिटरच्या आठ सिलिंडरपर्यंत बहुतेक इंजिनांना एकच डबा चाले. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर यांनुसार बदलणारे आकडे त्यात पक्के भरलेले नसत. ते एका वेगळ्या चिपमध्ये असत, आणि ही चिप सॉकेटमध्ये नुसती खोचलेली असे. तिची क्षमता चार किलोबाइट. डबा मेला की दुकानातून नवा किंवा कारखान्यात दुरुस्त झालेला डबा आणायचा. तो चिपेशिवायच मिळे. झाकण उघडून जुन्यातली चिप काढायची, नव्यात बसवायची, झाकण लावायचे, संपले. जुना डबा दुकानात जमा केला की अनामत परत. चिप उलटी बसवून करंट दिला तर ती जळे, म्हणून खाच कुठल्या बाजूला आहे ते पाहायचे. आणि चिपेत काही बिघाड असेल तर कॉम्प्युटर स्वतःच ५१ क्रमांकाचा कोड दाखवी. तो कोड वाचायला स्कॅनरसुद्धा लागत नसे. डॅशबोर्डखालच्या कनेक्टरमधल्या दोन पिना कागदाच्या क्लिपने जोडल्या की इंजिनाचा दिवा लुकलुकून आकडे सांगे: एकदा, मग दोनदा, म्हणजे १२, अर्थात तपासणीची यंत्रणा जिवंत आहे. कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये हे सगळे छापलेले असे, शिवाय एक ताकीद: डबा बदलण्याआधी त्याला जोडलेल्या रिले आणि सोलेनॉइडांचा रेझिस्टन्स मोजा, एखाद्याचा वीस ओहमपेक्षा कमी भरला तर तो आधी बदला, नाहीतर तो नवा डबाही जाळेल. ही ताकीद ज्याने वाचली नाही त्याने दोन-दोन डबे जाळले असतील यात शंका नाही.

या रचनेमागे कंपनीचे औदार्य नव्हते. एकच डबा अनेक मॉडेलांना चालवून कारखान्याचा आणि डीलरच्या गोदामाचा खर्च वाचवायचा, एवढाच हिशेब होता. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली. हिशेब करणारे यंत्र वेगळे आणि इंजिनाच्या तब्येतीचे आकडे वेगळे ठेवता येतात, आणि ते आकडे ट्रकमालकाच्या ताब्यात राहिल्याने ट्रक काही कमी चालत नाही. पुढे फ्लॅश मेमरी आली. तिच्यात आकडे केबलने आत जातात आणि केबलनेच पुसले जातात. याच कंपनीच्या १९९६च्या व्होर्टेक इंजिनांत हेच तंत्र आले. कंपनीला त्यात खरा फायदा होता: एखादा दोष सापडला तर हजारो चिपा बदलण्याऐवजी डीलरकडे केबल लावून काम भागे. पण आता नवा डबा कोरा येऊ लागला, आणि त्यात भरायचे आकडे जुन्या डब्यातून काढून आणायची सोय उरली नाही. ते कंपनीकडून घ्यायचे. मग चिप बसवलेली किल्ली आली, आणि डब्याने किल्लीला व गाडीच्या नंबराला ओळखायला सुरुवात केली. भंगारातून आणलेला अगदी तंतोतंत तोच डबा लावला तरी स्टार्टर फिरतो आणि इंजिन पेटत नाही, हा प्रकार तेव्हापासूनचा.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. आकडे लोकांच्या हाती दिले की लोक ते बिघडवतात: ताकद वाढवायला धूर सोडतात, कन्व्हर्टर काढून टाकतात. हे खरे आहे, आणि त्या सॉकेटमधल्या चिपेच्या काळात बदललेल्या चिपांचा बाजार उघड चालत असे. म्हणून स्वच्छ हवा कायद्यातल्या १९९०च्या दुरुस्तीने या डब्याला थेट प्रदूषण नियंत्रणाचे उपकरण मानले. १९९५च्या मॉडेलपासून हलक्या गाड्यांत त्याची हमी आठ वर्षे किंवा ८०,००० मैल. पण कुलूप लावल्याने फसवणूक थांबली का? १९९८मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जड डिझेल इंजिनांच्या सात कारखानदारांशी तडजोड केली. सुमारे तेरा लाख इंजिनांच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी करामत होती, की चाचणीत धूर नियमात राहावा आणि महामार्गावर इंधन वाचवताना नायट्रोजनची ऑक्साइडे वाढावीत. दंडच ८.३४ कोटी डॉलरचा होता. पुढे २०१५च्या जुलैत याच संस्थेने, गाडीमालकांना सॉफ्टवेअरचे कुलूप उघडायची सूट देऊ नये असे पत्र लिहिले. आणि सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगन या मोटार कंपनीने कुलपाआड तशीच करामत लपवली होती हे जगापुढे आले. पान्याने केलेली लबाडी एका ट्रकपुरती असते. कारखान्यात केलेली लबाडी प्रत्येक ट्रकबरोबर विकली जाते. त्यामुळे धुराचा मुद्दा कुलपाच्या बाजूचा पुरावा म्हणून निम्माही उरत नाही.

चोरीचा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. किल्ली ओळखणाऱ्या डब्याने चोराची अडचण केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. जड ट्रकांत तर मालकांनी स्वतःच कुलूप मागितले होते: वेगाची मर्यादा पासवर्डने बांधायची, म्हणजे ड्रायव्हरला ती हलवता येणार नाही. पण कुलूप असणे आणि किल्ली एकट्या कंपनीकडे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अमेरिकेने त्या हळूहळू वेगळ्या केल्या. १९९०च्याच कायद्यात दुरुस्तीची माहिती कोणत्याही दुरुस्तीवाल्याला द्यावी असे कलम होते. १९९६पासून सगळ्या हलक्या गाड्यांना एकाच नमुन्याचा सोळा पिनांचा सॉकेट आला. २००४च्या मॉडेलपासून प्रदूषणाशी निगडित डबे कंपनीबाहेरच्या उपकरणानेही प्रोग्रॅम करता यावेत अशी सक्ती झाली. किल्ल्यांचे कोड तपासणी झालेल्या नोंदणीकृत कारागिरांना मिळू लागले. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२मध्ये दुरुस्तीच्या हक्काला कौल दिला, आणि २०१५मध्ये व्यापारी ट्रकांच्या कारखानदारांनीही तशा करारावर सही केली. यांपैकी एकाही पावलाने चोरांचे राज्य आल्याचे दिसले नाही.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे: डब्याआधीचा काळ तरी कुठे एवढा मोकळा होता? १९५४मध्ये जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक बनू लागले, त्याआधी १९५१मध्ये डिझेल पंप बनवणाऱ्या बंगळूरच्या मायको कंपनीची स्थापना झाली होती, आणि पुढची कित्येक दशके भारतीय ट्रकचे दुखणे म्हणजे डिझेल पंपाचे दुखणे असे समीकरण होते. तो पंपही कोणी फुटपाथवर बसून जुळवत नसे. त्याला टेस्ट बेंच लागे, कॅलिब्रेशन येणारा हात लागे, आणि पंपावर सील असे. आक्षेप मान्य. पण पुणे असो की कोल्हापूर, कॅलिब्रेशनवाल्याने बेंच विकत घेतला की तो त्याचा होई; प्रत्येक पंपासाठी बंगळूरची परवानगी लागत नसे. कौशल्य दुर्मीळ असणे ही वेगळी अडचण आहे. ते शिकता येते, आणि ते शिकलेल्यांची एक पिढी महाराष्ट्राच्या ट्रक टर्मिनलांभोवती उभी राहिली.

आपल्याकडे डब्याचे युग एका न्यायालयीन तारखेने पक्के झाले. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धुराच्या बीएस-थ्री मानकाच्या गाड्यांची विक्री १ एप्रिलपासून बंद केली. शिल्लक ट्रकांवर दोन-तीन दिवस सवलतींचा पाऊस पडला आणि देशभर बीएस-फोर लागू झाले. त्यापाठोपाठ १ एप्रिल २०२०ला बीएस-सिक्स. अमेरिकेने चिपेच्या सॉकेटपासून कुलपापर्यंत टप्प्याटप्प्याने केलेला प्रवास बहुतेक भारतीय गॅरेजांच्या वाट्याला आलाच नाही. मेस्त्रीने पंप खाली ठेवला तेव्हा समोर थेट कुलूपबंद डबा होता. २०१७चे ट्रक आता हमीच्या मुदतीबाहेर आहेत. त्यांचे डबे पाणी शिरल्याने, ढिल्या अर्थिंगमुळे, वेल्डिंग करताना बॅटरी न सोडल्यामुळे जाणार, आणि बदली डबा आणला तरी त्यात भरायचे आकडे कोणाकडून घ्यायचे हा प्रश्न उरणार. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनक्षेत्रही घेतले. त्या पोर्टलवर मॅन्युअल आणि सेवा केंद्रांचे पत्ते ठेवणे कंपनीला सोपे जाते. जुन्या मॉडेलांचे आकडे ठराविक किमतीला, ओळख पटलेल्या कोणत्याही गॅरेजला मिळालेच पाहिजेत, अशी सक्ती पोर्टलने होत नाही. त्याला कायद्यातले कलमच लागेल, आणि ते लिहायचे तर १९८७च्या त्या चिपेचा दाखला वकिलांपेक्षा मेस्त्रींनीच द्यायला हवा.