औषधाचा झाला खाऊ

कळमन्याच्या बाजारांत लाल मिरच्यांच्या राशी लागतात. ही मिरची मूळची अमेरिकेची, सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर इकडे आलेली, हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं; इतकी ती नागपुरी रश्श्यांत मुरली आहे. मेक्सिकोंत या मिरचीला एक सोबती होता, तो म्हणजे कोको. तेथील आझ्टेक लोक कोकोच्या भाजलेल्या बिया वाटून, पाण्यांत घुसळून, त्यांत मिरची घालून पीत. उसाची साखर त्यांस ठाऊकच नव्हती. आजच्या चॉकलेटचा पूर्वज असा कडू व तिखट होता.

१५१९ सालीं कोर्तेझ मेक्सिकोंत उतरला आणि पुढें कोको स्पेनला पोंचला. १६३१ सालीं कोल्मेनेरो या स्पॅनिश वैद्यानें चॉकलेटवर ग्रंथ लिहून, तें कोणत्या प्रकृतीस मानवतें याची चर्चा केली. मात्र त्याच्या कृतींत मिरचीबरोबर साखरहि शिरली होती. १८२८ सालीं हॉलंडांत व्हान हौटेन यांनीं कोकोंतील स्निग्धांश दाबून काढण्याची रीत बसविली. क्षार घालून कडूपणाहि उतरविला. १८४७ सालीं ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनें खाण्याजोगी वडी केली, व पुढें स्वित्झर्लंडांत डॅनियल पीटर यानें तींत दूध मिसळलें. १९४८ सालीं कॅडबरी कंपनीनें भारतांत बस्तान मांडलें, तोंवर औषधाचा पुरता खाऊ झालेला होता.

परंतु जो कडूपणा काढून टाकला, गुण त्याच्याच सोबतीला होता. कोकोंतील फ्लॅवनॉल नांवाचीं कडवट-तुरट द्रव्यें रक्तवाहिन्या सैल ठेवण्यास साह्य करितात. क्षाराच्या संस्कारानें तीं पुष्कळ घटतात. पनामाच्या बेटांवरील कुना लोक कोको भरपूर पीत, आणि वय वाढलें तरी त्यांचा रक्तदाब फारसा चढत नसे. शहरांत जाऊन राहिलेल्या कुनांचा मात्र चढे, असें हार्वर्डचे हॉलेनबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं दाखविलें. तथापि राहणींतील इतर फरकांचाहि त्यांत वांटा असूं शकतो. पुढें अमेरिकेंत २१,४४२ वयस्कांवर कसोटी झाली. तिचा निकाल २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे एकंदर प्रसंग लक्षणीय घटले नाहींत. त्या विकारांनीं होणारे मृत्यु मात्र २७ टक्क्यांनीं कमी आढळले. आणि तेथें दिली ती चॉकलेटची वडी नव्हे, तर कोकोच्या अर्काची गोळी.

दुकानांतील दुधाच्या चॉकलेटांत कोकोपेक्षां साखरच अधिक असते. तें आवडीनें, बेतानें खावें. हृदयाला हितकर म्हणून मधुमेह्यानें तें रोज खाणें, म्हणजे औषधाच्या नांवानें कुपथ्य करणें होय.