कचराभूमीवरचे अरण्य : महाराष्ट्र निसर्ग उद्यान

मुंबईच्या ऐन मध्यभागी, धारावी आणि वांद्रे यांच्या दरम्यान मिठी नदीच्या काठी सुमारे ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान वसले आहे. शीव-वांद्रे जोडरस्त्यावरील वाहनांचा कोलाहल प्रवेशद्वारापाशीच मागे पडतो आणि आत पक्ष्यांची किलबिल ऐकू येऊ लागते. माहीम निसर्ग उद्यान या नावानेही ते परिचित आहे.

ही वनराई नैसर्गिक नाही. सत्तरच्या दशकापर्यंत येथे शहराचा कचरा टाकला जात असे. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी या ओसाड जागेवर वृक्षलागवड सुरू झाली. ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनीही येथे रोप लावले होते. कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर झाडे जगवणे सोपे नसते. कुजणाऱ्या कचऱ्यातून उष्णता आणि वायू बाहेर पडतात, मातीचा थर पातळ राहतो. त्यामुळे माती घडवण्यापासून सुरुवात करावी लागते. गळलेला पाला जागीच कुजू दिला, की ही माती वर्षागणिक सकस होत जाते. १९९१ मध्ये या जागेला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला, तर २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान जनतेसाठी खुले झाले. त्याचा कारभार मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपवण्यात आला.

शोभेच्या बागेत हिरवळ आणि फुलांचे ताटवे असतात. येथे देशी वृक्षांना प्राधान्य आहे. त्यामागे साधे शास्त्र आहे. वड, पिंपळ, उंबर यांची फळे कोकीळ, तांबट, बुलबुल यांना अन्न पुरवतात. रुईच्या पानांवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात. अन्नसाखळीचा एक दुवा जोडला, की पुढचे दुवे आपोआप येऊ लागतात.

उद्यानातील तळे पावसाच्या पाण्यावर भरते. पावसाळ्यात साठवलेले हे पाणी कोरड्या महिन्यांत झाडांच्या उपयोगी पडते. तळ्याकाठी खंड्या, वंचक यांसारखे पक्षी दिसतात. चतुरांची पिल्ले पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या फस्त करतात. नदीच्या बाजूला तिवरांचा पट्टा आहे. भरती-ओहोटीच्या खाऱ्या चिखलात तग धरणारी ही झाडे काठाची माती धरून ठेवतात.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठीने रौद्र रूप धारण केले. नदीकाठची मोकळी, पाणी मुरवणारी जमीन शहराला किती आवश्यक आहे, याची जाणीव त्या दिवशी मुंबईकरांना झाली.

या जमिनीवर विकासाची टांगती तलवार मात्र राहिली. धारावी पुनर्विकास प्रकल्पात उद्यान ओढले जाईल, या भीतीने पर्यावरणप्रेमींनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. उद्यान प्रकल्पाचा भाग नाही, असे सरकारपक्षातर्फे २०२३ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले.

कचऱ्यातून अरण्य उभे राहण्यास काही दशके लागली. ते नष्ट होण्यास काही दिवसही पुरतील. दाट वस्तीतल्या मुलांना तळे, बेडूक आणि खंड्या पुस्तकाबाहेर पाहता यावा, यासाठी तरी ही हिरवाई जपणे अगत्याचे आहे.