परागंदा

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. आमचे खापरपणजोबा संगमेश्वर तालुक्यातल्या गावाहून शास्त्री नदीतून पडावाने जयगडला आले, तिथे आगबोटीत बसले, मुंबईला उतरले आणि परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले. त्यांचा मुलगा साच्यावर, नातू साच्यावर, आणि १९८२ च्या संपात ज्याचा साचा कायमचा थांबला तो पणतू म्हणजे माझे बाबा. हे सांगताना बाबा चार बोटं उघडायचे. चार पिढ्या साचेखात्यात.

पोस्टातली नोकरी संपल्यावर मी मोडी शिकले ती यातल्या पहिल्या बोटासाठी. बाकीच्या तिघांचं काही ना काही घरात आहे. एकाचा फोटो, एकाची टोपी, बाबांचा गेटपास. पहिल्याचं काहीच नाही.

माणसांची नावं इथे लिहीत नाही. गावातली आमची भावकी मोठी आहे आणि मेलेल्यांवर सगळ्यांचा हक्क आहे.

पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गात मोडी शिकवायला सुरुवात होते ती रेघेपासून. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची, मग अक्षरं तिला खालून लटकवत जायची. बोरू उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ नाही, दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. महिनाभर मला ती वाळत घातलेली दोरी वाटली. मग एके दिवशी त्या दोरीतून ‘बिन’ हा शब्द सुटा दिसला आणि पुढचं सोपं झालं. अमका बिन तमका म्हणजे तमक्याचा मुलगा. अमकी कोम तमका म्हणजे तमक्याची बायको. गरिबाच्या घरचा शोध या दोन शब्दांवर चालतो, कारण आडनाव क्वचितच लिहिलेलं असतं.

कागद शोधायला मी बरी वेळ साधली. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतली वर्षानुवर्षं न सुटलेली बासनं सुटली. मोडी वाचता येणाऱ्याला लोक खुर्ची देऊ लागले. आमच्या तालुक्याच्या देवरुखच्या कचेरीत मीही शेजारच्या बाकावरच्या चौघांना त्यांची पानं वाचून दिली, आणि मधल्या वेळात आमचं गाव उघडून बसले.

सगळ्यात जास्त बोलतो तो गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर. विदर्भात त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. गावकामगाराने लिहिलेलं असतं, तारीख, माहे, सन, बापाचं नाव, जात. जन्माच्या बाजूला मुलाचं नाव नसतंच. नोंद झाली तेव्हा बारसं झालेलं नसायचं. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच, आणि बापाचं नाव. आमच्या खापरपणजोबांच्या नावापुढे १८८० ते १८८९ या काळात मला पाच जन्म सापडले: मुलगी, मुलगा, मुलगा, मुलगी, मुलगी. मृत्यूच्या बाजूला त्याच बापाच्या नावाखाली तीन पोरं. एक देवीने, दोन तापाने. त्यांतलं एक नऊ दिवसांचं होतं. ते या जगात येऊन गेल्याचा दोन ओळींचा पुरावा आहे आणि त्या दोन्ही ओळींत त्याला नाव नाही. मी वहीत त्याच्यापुढे तारीख लिहिली आणि त्या दिवशी पुढचं पान उलटलं नाही.

खरी अडचण नावांची. आमच्याकडे आजोबाचं नाव नातवाला जातं. चुलत्यांच्या घरीही तोच आजोबा, म्हणून तेच नाव. एका वाडीत एकाच नावाचे तीन पुरुष, त्यांतल्या दोघांच्या बापाचंही नाव एकच. हा गुंता सोडवला जमिनीने. गाव खोती होतं, सारा खोतामार्फत जायचा. १८८० च्या खोती कायद्यानंतर अशा गावांची जी बोटखतं झाली, त्यांत कोणतं कूळ कोणता तुकडा कसतं आणि खोताला काय देतं ते मांडलेलं आहे. आमचा माणूस अर्धेलीवर होता, भाताचं निम्मं पीक खोताच्या घरी. तुकडा ओढ्यालगतचा. तो ओढा आजही आहे, आणि काकांनी मला तिथे नेऊन उभं केलं. दुसऱ्या दोघांचे तुकडे वरकस, डोंगराकडे. ओढ्यालगतचा तो आमचा, असं ठरलं.

आणि मग १८९१ चं पान आलं. माहे ऑगस्ट. ओढ्यालगतच्या माणसाचं नाव, वय अदमासे ३५, कारण पटकी.

पटकी म्हणजे कॉलरा. मृत्यू गावात. यावरून तो मुंबईला गेलाच नव्हता असं म्हणता येत नाही, हे मी स्वतःला बजावलं. कोकणातला गिरणीकामगार लावणीला, शिमग्याला, आजारपणात गावी यायचा, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्याच्या जागी बदली लावायचा, आणि मरायलाही माणूस गावीच यायचा. पण ऑगस्टात? समुद्र खवळलेला, आगबोटी बंद. पावसाळ्यात गावात असलेला माणूस निदान वैशाखापासून गावात असणार. बाबांचं पहिलं बोट माझ्या मनात तेव्हाच जरा वाकलं.

मुंबईत मी उलट्या बाजूने शोधायला लागले. इंग्लंडातल्या विणकराच्या पणतीला १८४१ पासूनच्या जनगणनेची घरटी पानं उघडता येतात: घरात कोण होतं, वय काय, धंदा काय. आपल्याकडे १८७२ पासून जनगणना झाली, पण आकडे काढल्यावर घरोघरच्या याद्या ठेवल्या गेल्या नाहीत. १८९१ ची मुंबई ८,२१,७६४ माणसांची होती, आणि त्यातला एकही माणूस मला नावाने भेटत नाही. हजेरीपट गिरण्यांचे. ते गिरण्यांबरोबर गेले.

तरी काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या अभिलेखागारात मी बरेच दिवस बसले. तिथे कुटुंब सापडत नाही, पण कुटुंब ज्या हवेत जगलं ती हवा सापडते. सप्टेंबर १८८४ मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी परळला कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज पुढे केला. काय मागत होते ते लोक? आठवड्यातून एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास. सकाळी साडेसहा ते सूर्य मावळेपर्यंतच काम, त्यापुढे नाही. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. साडेपाच वर्षांनी, २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन बायका बोलल्या. त्याच वर्षीच्या फॅक्टरी कमिशनपुढे गिरणीतल्या बायकांच्या जबान्याही झाल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्या दोन बायकांपाशी मी थांबले. रीलिंग आणि वाइंडिंग ही सूत गुंडाळायची खाती बायकांची होती हे लालबागच्या चाळीत वाढलेल्या मला काही नवं नव्हतं. नवं एवढंच, की आमच्या घरातल्या गोष्टीत मी आजवर फक्त साचे मोजत आले होते.

उत्तर आलं ते परळकडच्या एका जुन्या म्युनिसिपल शाळेच्या जनरल रजिस्टरातून. मी पणजोबा शोधत होते, १८८४ साली जन्मलेला तो मुलगा. जगलेल्या दोन पोरांपैकी एक. जून १८९४ मध्ये त्याचं नाव दाखल आहे, पहिल्या इयत्तेत. गावाचं नाव, जिल्हा रत्नागिरी, बापाचं नाव, पुढे ‘मयत’. पालकाच्या रकान्यात ‘आई’, आणि तिचं नाव. धंद्याच्या रकान्यात: गिरणीत रीलिंग.

ती आली होती. नवरा गेल्यावर, दोन पोरांना घेऊन, त्याच नदीतून, त्याच आगबोटीने. गोष्टीतला सगळा प्रवास खरा होता, फक्त माणूस दुसरं होतं.

मग मी पुन्हा गावी गेले आणि जे आधी मागायला हवं होतं ते मागितलं. खोताच्या वंशजांनी त्यांच्या माळ्यावरचं दप्तर मोकळ्या मनाने दाखवलं. १८९२ च्या यादीत ओढ्यालगतच्या तुकड्यापुढे लिहिलंय: कूळ मयत, वारस मुलगा अज्ञान, पालनकर्ती आई. १८९३ च्या यादीत तोच तुकडा दुसऱ्या कुळाकडे आणि तिच्या नावापुढे एकच शब्द, ‘परागंदा’. वसूल बुडवून, गाव सोडून, पत्ता न देता निघून गेलेलं माणूस ते परागंदा. तो शब्द मी मोडीत तीनदा वाचला. खोताच्या कागदात जी परागंदा, तीच शाळेच्या कागदात पालक. निम्मं भात देऊन तीन पोटं भरत नव्हती म्हणून ती निघाली, आणि मुंबईत पाय टेकल्यावर तिने मुलाला शाळेत घातलं. तिला स्वतःला सही येत नसणार. १८९४ साली तिला हे कुणी सुचवलं, की तिचं तिलाच वाटलं?

शाळेच्या त्या नोंदीत शेवटचा रकाना शाळा सोडल्याचा. जानेवारी १८९७, कारण ‘गावी गेला’.

ती तारीख मुंबईकराला सांगावी लागत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला, कारण तिथे नेलेलं माणूस परत येत नाही असा समज पसरला होता. थंडीत शहराची जवळपास निम्मी वस्ती बाहेर पडली. त्याच रजिस्टरच्या त्याच पानावर अकरा मुलांपुढे ‘गावी गेला’ लिहिलंय आणि चौघांपुढे काहीच नाही, नुसतं नाव खोडलंय.

मी नमुना चौदाचं १८९७ चं पुस्तक उघडलं तेव्हा खरंच हात थरथरत होते. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. मुंबईहून आलेली माणसं गावात मेल्याच्या नोंदी आहेत, गाठ आणि ताप. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. ती नाही. मुलगा नाही, मुलगी नाही. १८९८, १८९९, नाही. शोधणाऱ्याला न सापडण्याचा आनंद तेवढा एकदा मिळाला. ती सापडते ती थेट १९२३ साली, म्हातारपणाने, गावच्या घरी. लिहिणाऱ्याचं अक्षर आता बाळबोध आहे आणि तिचं नाव पहिल्यांदाच मला न अडखळता वाचता आलं.

मुलाच्या वयाबद्दल एक सांगायला हवं. नमुना चौदाप्रमाणे तो मार्च १८८४ चा. शाळेच्या रजिस्टरात १ जून १८८६, म्हणजे मास्तरांनी नेहमीची तारीख टाकली. माझ्या पिढीतही अर्ध्या चाळीचा वाढदिवस एक जूनलाच असायचा. पुढे तो गिरणीत लागला तेव्हाचा कागद नाही, पण पद्धत माहीत आहे. १८९१ च्या कायद्याने नऊ ते चौदा वर्षांच्या मुलाला दिवसाला सात तासांच्या वर राबवायचं नव्हतं, आणि वय ठरवायला डॉक्टर दात बघायचे. चौदा पूर्ण दिसलं तर पूर्ण हजेरी, पूर्ण पगार. शाळेला तो लहान हवा होता, गिरणीला मोठा. त्याचं खरं वय फक्त त्या गावकामगाराने लिहिलं, ज्याला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

पणजोबांना आपल्याला मुंबईत कोणी आणलं हे माहीत असणारच. बोट धरून ते तिच्याबरोबर उतरले होते. गोष्टीतून ती नेमकी कुणाच्या तोंडी गळाली, ते कोणत्याच दप्तरात नाही.

बाबा आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. कानाला कमी ऐकू येतं, साच्यांनी नेलं ते. मी त्यांच्याजवळ बसून सगळं मोठ्याने वाचलं: बोटखत, पटकी, परागंदा, शाळा, रीलिंग. मला वाटलं होतं ते वाद घालतील, मूळ पुरुष मूळ पुरुष करत. ते गप्प बसले. उघडलेल्या चार बोटांतलं पहिलं मिटलं, मग पुन्हा उघडलं. मग कामगाराने विचारावं तसं विचारलं, “रीलिंगवाल्यांना तेव्हा किती तास?”

म्हटलं, १८९१ च्या कायद्यात बायकांना अकरा तासांच्या वर नाही, त्यात दीड तास विश्रांती धरायची.

“आणि ती लागली कधी?”

“एक्क्याण्णवच्या पावसाळ्यानंतर. त्र्याण्णवच्या आत.”

त्यांनी मनात काहीतरी मोजलं.

“नव्वदच्या जूनला सुट्टी झाली ना ती? म्हणजे तिला रविवार होता,” ते म्हणाले.