गोणीत नसलेलं ऑक्साइड

म्युरेट ऑफ पोटॅशची एखादी गोणी नीट वाचून बघा. त्यावर पोटॅशचं प्रमाण ६० टक्के लिहिलेलं असतं, आणि ते पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात मोजलेलं असतं. गोणीत मात्र पोटॅशियम क्लोराइड असतं. त्या संयुगात ऑक्सिजनचा एकही अणू नाही. मग हे ऑक्साइड आलं कुठून?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण तुम्ही मृदाशास्त्र, कृषिरसायन किंवा पर्यावरणशास्त्रात संशोधन करायच्या तयारीत असाल, तर याच प्रश्नावर तुमच्या एका हंगामाचा प्रयोग फसू शकतो. म्हणून आधी इतिहास बघू आणि मग आकडेमोड.

सुरुवात राखेपासून होते. वनस्पती मातीतून काय घेते हे शोधायचा जुना मार्ग म्हणजे ती जाळायची आणि राख तपासायची. जिनिव्हाच्या निकोला-थिओडोर द सोस्यूर यांनी १८०४ साली अशा कितीतरी राखांचं पृथक्करण प्रसिद्ध केलं. १८४० मध्ये जर्मनीच्या युस्टुस फॉन लीबिग यांचं शेतीच्या रसायनशास्त्रावरचं पुस्तक आलं आणि पिकाला खनिजं लागतात हा विचार युरोपभर गाजला. ‘पोटॅश’ हा शब्दही राखेतलाच. लाकडाची राख पाण्यात भिजवायची, ते पाणी भांड्यात आटवायचं आणि खाली उरेल ते पोटॅश, म्हणजे भांड्यातली राख. साबण आणि काच करणाऱ्यांना ती लागायची. हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ साली पोटॅशमधून वीज सोडून त्यातला धातू वेगळा काढला आणि त्याला पोटॅशियम म्हटलं. म्हणजे मूलद्रव्याचं नाव राखेवरून पडलं.

आता त्या काळातल्या रसायनशास्त्रज्ञाच्या जागी बसून बघा. क्षार म्हणजे काय, याची त्याची कल्पना आपल्यापेक्षा वेगळी होती. स्वीडनचे बर्झेलियस मानत की क्षाराचे दोन भाग असतात. एक आम्लारिधर्मी ऑक्साइड आणि दुसरं आम्लधर्मी ऑक्साइड. पोटॅशियम फॉस्फेट म्हणजे त्यांच्या लेखी पोटॅशियमचं ऑक्साइड अधिक फॉस्फरसचं ऑक्साइड. त्यामुळे पृथक्करणाचा अहवाल लिहिताना प्रत्येक घटक ऑक्साइड म्हणून मांडणं स्वाभाविकच होतं.

गंमत अशी की प्रयोगशाळेत ही ऑक्साइडं कुणी तराजूत टाकत नव्हतं. पोटॅशियम प्लॅटिनमच्या पिवळ्या क्षाराच्या रूपात खाली बसवून तोलत. फॉस्फेट मॅग्नेशियमबरोबर खाली बसवून, भाजून तोलत. मिळालेल्या वजनाला ठरलेल्या गुणकाने गुणलं की ऑक्साइडचा आकडा यायचा. म्हणजे ऑक्साइड हा तेव्हाही वहीतला एक रकाना होता.

मग नत्राचं ऑक्साइड का लिहीत नाहीत? नत्र जळताना वायूच्या रूपात निघून जातो, राखेत उरत नाही. त्यामुळे राखेच्या या हिशोबात तो बसलाच नाही. त्याची मोजणी वेगळ्या वाटेने पुढे गेली. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ साली जी पद्धत दिली, ती आजही तुमच्या विभागात वापरात असेल. नत्र मूलद्रव्य म्हणून लिहितात, त्यामुळे युरियाच्या गोणीवरचे ४६ टक्के हे खरोखर नत्राचेच असतात.

‘म्युरेट’चीही अशीच कथा आहे. ऑक्सिजन या नावाचा अर्थच आम्ल निर्माण करणारा. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतो असं लाव्हाझिए मानत, त्यामुळे म्युरिॲटिक आम्लातही, म्हणजे आजच्या हायड्रोक्लोरिक आम्लातही, तो असणारच असं धरलं गेलं. १८१० मध्ये डेव्ही यांनी क्लोरीन हे स्वतःच एक मूलद्रव्य आहे असं मांडलं आणि ती समजूत मोडली. शास्त्रातून ‘म्युरेट’ गेलं, पण खताच्या दुकानात राहिलं.

शास्त्र बदललं तरी लेबल का बदललं नाही? कारण तोवर बाजार उभा राहिला होता. इंग्लंडच्या जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ साली सुपरफॉस्फेटचं पेटंट घेतलं. जर्मनीत स्टासफुर्टला १८६१ पासून खाणीतल्या क्षारांपासून पोटॅश काढायचा कारखाना सुरू झाला. १८८० च्या दशकात अरेनियस यांनी आयनांची कल्पना मांडली तेव्हा खताचे भाव आणि करार ऑक्साइडच्या टक्क्यांवर बसलेले होते. शिवाय मूलद्रव्य लिहायचं ठरवलं तर ६० टक्क्यांची पोटॅशची गोणी ५० टक्क्यांची होते. आतला माल तोच, पण असा बदल करायला कोणता विक्रेता आपणहून पुढे येईल? काही देशांनी हा बदल केला. ऑस्ट्रेलियात लेबलवर मूलद्रव्यच लिहितात. आपल्याकडे ऑक्साइड राहिलं.

आता आकडेमोड. दोन गुणक पाठ करा. फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या आकड्याला ०.४३६ ने गुणलं की फॉस्फरस मिळतो. पोटॅशियम ऑक्साइडच्या आकड्याला ०.८३ ने गुणलं की पोटॅशियम मिळतं.

द्राक्ष किंवा डाळिंबाच्या बागेत ठिबकमधून सोडतात ते ‘शून्य बावन्न चौतीस’ घ्या. ऐकल्यावर वाटतं की यात पोटॅशपेक्षा फॉस्फरस बराच जास्त आहे. खरं म्हणजे ते मोनोपोटॅशियम फॉस्फेट आहे. त्यात फॉस्फरसच्या एका अणूमागे पोटॅशियमचा एकच अणू असतो. गुणक लावून बघा, फॉस्फरस साधारण २२.७ टक्के येतो आणि पोटॅशियम साधारण २८.२ टक्के. वजनाने पोटॅशियमच जास्त! लेबलवर क्रम उलटा दिसतो, कारण ऑक्साइड करताना फॉस्फरसच्या पदरात ऑक्सिजनचं बरंच जास्त वजन पडतं. बावन्न आणि चौतीस मिळून ८६ होतात. उरलेला बहुतेक भाग कागदोपत्री पाण्याचा. बर्झेलियस यांनी मांडला असता तसाच हिशोब आजही आपल्या ठिबकच्या टाकीत आहे.

मराठीत अभ्यास करणाऱ्यांसाठी यात एक जास्तीची मेख आहे. आपण ‘नत्र, स्फुरद, पालाश’ म्हणतो. समजा शिफारस आहे हेक्टरी १२०:६०:४० किलो. यातला ‘स्फुरद’ म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साइड, आणि ‘पालाश’ म्हणजे पोटॅशियम ऑक्साइड. पण शाळेत शिकताना स्फुरद म्हणजे फॉस्फरस, असंच शिकलेलो असतो. एकच शब्द दोन्ही कामं करतो आणि त्यामुळे शंका येत नाही. मूलद्रव्यात बोलायचं तर तीच शिफारस १२०:२६:३३ होते.

आता समजा, एका परदेशी शोधनिबंधात हेक्टरी ३० किलो फॉस्फरस दिलाय आणि तुम्ही तो ‘३० किलो स्फुरद’ असा वाचलात. १६ टक्क्यांचं सिंगल सुपर फॉस्फेट वापरलं तर तुम्ही साधारण १८८ किलो खत टाकाल. टाकायला हवं होतं जवळपास ४३० किलो. पिकाने प्रतिसाद दिला नाही की निष्कर्ष लिहाल, ‘या जमिनीत फॉस्फरसचा परिणाम आढळला नाही’. सांख्यिकी बरोबर, तक्ते बरोबर, आणि निष्कर्ष चूक. तो निष्कर्ष पुढे कुणाच्या तरी शिफारशीत गेला तर त्याची किंमत शेतकरी मोजणार.

हा घोळ खतापुरता नाही. विहिरीच्या पाण्यातला नायट्रेट बघा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, अमेरिकेत १०. म्हणजे अमेरिकेचा नियम साडेचारपट कडक? नाही. आपण अख्खं नायट्रेट मोजतो, तिकडे नायट्रेटमधला फक्त नत्र मोजतात. १० मिलिग्रॅम नत्र म्हणजे साधारण ४४ मिलिग्रॅम नायट्रेट. दोन्ही मर्यादा जवळपास एकच आहेत. अहवालात नुसतं ‘नायट्रेट १२’ लिहिलं असेल, तर ते पाणी प्यावं की नाही हे त्यावरून सांगता येणार नाही.

तेव्हा संशोधनाला सुरुवात करताना एक सवय लावून घ्या. माती, खत, पाणी, काहीही असो, आकडा वहीत उतरवताना शेजारी तो कशाच्या रूपात मोजलाय तेही लिहा. ‘स्फुरद ६०’ असं न लिहिता ‘६० किलो, फॉस्फरस पेंटॉक्साइड रूपात’ असं लिहा. दुसऱ्याचा निबंध वाचताना तक्त्याआधी पद्धतीचा भाग वाचा. तिथे उत्तर नसेल, तर वापरलेल्या खताचं नाव आणि वजन शोधा आणि स्वतः गणित करून बघा. दोन ओळींचं काम आहे. पेरणीआधी केलेलं बरं, कारण पेरणी झाल्यावर तो हंगाम परत मिळत नाही.