आवाज कुणाचा?

सोलापुरात कसलीही टंचाई पडेल, आवाजाची पडायची नाही. पूर्वी गिरण्यांचे भोंगे गाव उठवत. भोंगे थांबले तरी यंत्रमागांची खडखड राहिली. संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात, गड्डा भरतो, तेव्हा तर शेजारच्या माणसाशीही खुणांनीच बोलावं लागतं. त्यातून आमच्या गल्लीत मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तीन भाषा, आणि तिन्ही वरच्या पट्टीत. अशा गावात एखादी वस्तू मुकी निघावी हे नवलच. तो मान आमच्या घरच्या संगणकाला मिळाला.

हा संगणक लिनक्सवर चालतो. लिनक्स फुकट मिळतं आणि त्याच्या आतलं सगळं लिखाण कुणालाही उघडून वाचता-सुधारता येतं, एवढं ज्ञान ते बसवून देणाऱ्या भाच्यानं मला दिलं होतं. चित्र झकास दिसे, आवाज मात्र शून्य. आणि मला तर एकच गोष्ट ऐकायची होती. १९८३ साली थोरला भाऊ नोकरीसाठी मस्कतला गेला, तेव्हा आईनं पत्राऐवजी त्याला एक कॅसेट भरून पाठवली होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली. भावानं ती कॅसेट आता संगणकावर उतरवून मला धाडली होती.

"मामा, लिनक्समधलं आवाजाचं दुखणं फार जुनं आहे," भाचा पुण्याहून फोनवर म्हणाला. "रविवारी निवांत बघू."

जुनं म्हटलं की आमचे कान टवकारतात. रविवारपर्यंत काय करायचं? मी त्या दुखण्याचा इतिहासच वाचायला घेतला.

तर मंडळी, १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं लिनक्सची सुरुवात केली. आवाजाची सोय पुढच्या वर्षी हन्नू सावोलाइनेन या दुसऱ्या फिनिश गृहस्थानं करायला घेतली. तिचं नाव पुढे 'ओपन साउंड सिस्टिम' असं पडलं. मात्र बहुतेक साउंड कार्डांवर एका वेळी एकालाच बोलता येई. वाड्यातल्या एकुलत्या नळासारखं! ज्याची बादली आधी लागली, त्याचं भरेपर्यंत बाकीच्यांनी ताटकळायचं. गाणं चालू असलं की टपाल आल्याची घंटा वाजायची नाही. तिला उत्तर मिळायचं, 'साधन व्यस्त आहे.' ट्रंक कॉलच्या जमान्यातलं आपलं लाडकं वाक्य थेट फिनलंडपर्यंत पोचलेलं पाहून मला भरून आलं.

यावर उपाय म्हणून नळापाशी एक माणूस बसवायची कल्पना निघाली. त्यानं सगळ्यांचे आवाज घ्यायचे, एकत्र करायचे आणि पुढे सोडायचे. याला साउंड सर्व्हर म्हणतात. कल्पना उत्तम. पण लिनक्सचा पडदा सजवणारी दोन मोठी घराणी होती, ग्नोम आणि केडीई. ग्नोमनं ईएसडी नावाचा माणूस नेमला, केडीईनं आर्ट्‌स नावाचा. नळ एक, रखवालदार दोन! वाड्यात राहिलेल्यांना पुढचं सांगायला नको.

१९९८ साली यारोस्लाव्ह किसेला या चेक गृहस्थानं नळच नवा बसवायला घेतला. त्याचं नाव अल्सा. डिसेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या २.६ या आवृत्तीबरोबर अल्सा रीतसर नांदू लागली. तिची एक खोड होती. नव्यानं बसवली की ती सगळे आवाज बंद ठेवी. हेतू चांगला, कुणाच्या कानठळ्या बसू नयेत! मग काळ्या पडद्यावर 'अल्सामिक्सर' उघडून एम हे बटण दाबलं की यंत्राला कंठ फुटायचा. हे ठाऊक नसल्यामुळे किती धडधाकट स्पीकर भंगारात गेले असतील, देव जाणे.

२००४ साली लेनार्ट पोएटरिंग यांनी नवा मध्यस्थ आणला, तो पुढे पल्सऑडिओ झाला. २००७ साली फेडोरा ८ मधून आणि २००८ साली उबुंटूमधून तो घरोघर पोचला. प्रत्येकाचा आवाज आता वेगवेगळा लहानमोठा करता येऊ लागला. सुरुवातीला मात्र तो तुटायचा, चरचरायचा. काही कार्डांच्या ड्रायव्हरांतले जुने दोष यानं उघडे पाडले, तरी शिव्या खाल्ल्या यानंच. भांडण सोडवायला गेलेल्याचं सगळीकडे हेच होतं.

शेवटी विम टायमन्स यांचं पाइपवायर आलं. २०१७ साली जाहीर झालं, एप्रिल २०२१ मध्ये फेडोरा ३४ नं ते आवाजासाठी स्वीकारलं. त्यानं कुणालाच नवी भाषा शिकायला लावली नाही. अल्साशी अल्साच्या बोलीत, पल्सशी पल्सच्या, आणि संगीतवाल्यांच्या जॅकशी जॅकच्या. अरेच्चा, म्हटलं, ही तर आमची भाजीवाली! एकीशी कानडी, दुसरीशी तेलुगू, माझ्याशी मराठी. तराजू मात्र एकच.

रविवारी भाच्याचा फोन आला.

"मामा, आवाज बंद असल्याची खूण दिसतेय का?"

"नाही रे."

"मग साउंडच्या सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून कुणाचं नाव आहे?"

"एचडीएमआय."

भाचा हसत सुटला. एचडीएमआय ही एकच वायर चित्रही नेते आणि आवाजही. संगणक पहिल्या दिवसापासून इमानेइतबारे सगळा आवाज पडद्याकडे पाठवत होता, आणि आमच्या पडद्याला स्पीकरच नव्हता. निरोप पोचत होता, वाचून दाखवणारा नव्हता! यादीतून टेबलावरच्या स्पीकरचं नाव निवडलं, झालं.

आई बोलू लागली. "वेळेवर जेवत जा," हे भावाला मराठीत. तेवढ्यात दारात भाजीवाली आली, तिच्याशी कानडीत घासाघीस. खिडकीतून शेजारच्या काकूंनी काही विचारलं, त्यांना तेलुगूत उत्तर. आणि पुन्हा भावाकडे वळून, "तर काय सांगत होते, वेळेवर जेवत जा." ओपन साउंड सिस्टिमपासून पाइपवायरपर्यंत एकोणतीस वर्षं लागली. आईनं तेच काम पोळ्या लाटता लाटता उरकलं होतं. मागे शेजारचा यंत्रमाग अखंड चालूच.

"ती खडखड कमी करता येते का विचारा ना," ही म्हणाली.

"येते की मामी," भाचा फोनवरून म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं, "राहू दे."