मिग-21 आणि सव्वीस वर्षांची मधली पायरी

आमच्या कान्हे गावातली पोरं संगणकावर मिग-21 सहज उतरवतात. वेग कमी केला, काठी ओढली, झालं. खऱ्या मिगचं तसं नव्हतं. पंख त्रिकोणी आणि आखूड. वेग घटला की नाक वर धरावं लागतं, तसा हवेचा विरोध वाढतो. मग जितकं हळू जावं तितकी इंजिनाची ताकद जास्त लागते. ती यायला वेळ लागतो, आणि नाक वर असतानाच विमान खाली बसत जातं. टेकतानाचा वेगसुद्धा ताशी 300 किलोमीटरच्या आसपास.

हे शिकायचं कशावर? नवे वैमानिक संथ ‘किरण’वरून मिगवर जात. मध्ये प्रगत प्रशिक्षण विमान हवं, असं ला फाँटेन समितीनं 1982 मध्येच सांगितलं होतं. ‘हॉक’ आलं 2008 मध्ये. सव्वीस वर्षं! हा कसला सब्र? एवढ्यात पहिलीतलं पोर स्वतः बाप होतं.

याच मधल्या काळात, 17 सप्टेंबर 2001 च्या रात्री, फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचं मिग-21 सुरतगडहून उडताच कोसळलं. उड्डाणाचे ते पहिले क्षणही कमी वेगाचेच. ठपका वैमानिकावर आला. आई कविता गाडगीळ यांनी तो मानला नाही, जाहीर लढा दिला. वडील कॅप्टन अनिल गाडगीळ स्वतः वैमानिक. दोघांनी ‘जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट’ काढून वैमानिकांना सिम्युलेटरवर शिकवायला सुरुवात केली. घरच्या संगणकावर खुर्ची खाली जात नाही, पोटात खड्डा पडत नाही. मुलांना मी हे गाडगीळांचं नाव घेऊनच सांगतो.