रॉक स्लायडर
रॉक स्लायडर : ऑफ-रोड गाडीच्या दोन्ही बाजूंना, दाराखालच्या पत्र्याच्या संरक्षणासाठी पुढच्या व मागच्या चाकांच्या दरम्यान बसवलेला पोलादी नळ्यांचा आडवा दांडा. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातली सुमारे ३५ किमी.ची रुबिकॉन ट्रेल ग्रॅनाइटच्या धोंड्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा वाटेवर पुढचे चाक धोंड्यावरून उतरले की गाडीची कूस त्यावर टेकते. अशा वेळी गाडी स्लायडरवरून घसरत पुढे निघते. याच वाटेचे नाव मिळालेल्या जीप रँग्लर रुबिकॉनला असे दांडे कारखान्यातूनच येतात.

गाडीत चढायची पायरी आणि स्लायडर यांत गल्लत होते. पायरी माणसाचे वजन पेलते, स्लायडरला गाडीचा भार झेलावा लागतो. म्हणून त्याचे ब्रॅकेट चासीलाच हवेत. पत्र्याला बसवल्यास तोच चेपतो. महिंद्रा थार, सुझुकी जिम्नी यांसारख्या लॅडर फ्रेमच्या गाड्यांत ही जोडणी सोपी जाते. वेगळी चासी नसलेल्या मोनोकॉक गाडीत भार टेकवायची जागा आधी शोधावी लागते.

नळीची भिंत साधारण ३ मिमी. जाडीची असते. ॲल्युमिनियम हलके, पण खडकावर ओरखडते. बाहेरची नळी किंचित वर उचललेली असल्यास जमिनीपासूनची उंची टिकते. सपाट असल्यास पाय ठेवणे सोयीचे. मागच्या टोकाला बाहेर काढलेला बाक गाडीला झाडापासून दूर ढकलतो.

वेल्डिंगची जोडणी भक्कम, तर बोल्टची बदलता येते; मात्र खडकाळ फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात.